मोट गेली, मोटेची माणसे कोठे गेली?

शेतीसुधारणेचा हिशेब मांडण्याची एक ठरावीक रीत पडून गेली आहे. गावात लोखंडी नांगर किती आले, इंजिने किती बसली, किती विहिरींवर वीज पोहोचली, किती एकर जिराईत जमीन बागायत झाली, हे आकडे तक्त्यात भरले जातात आणि ते वाढलेले पाहून सर्वांनाच समाधान वाटते. हा हिशेब खोटा नाही, परंतु तो एकांगी आहे. जमेची बाजू त्यात काटेकोरपणे लिहिलेली असते, खर्चाची बाजू मात्र कोरी असते. जुने अवजार शेतातून गेले म्हणजे ते घडविणाऱ्याचे, दुरुस्त करणाऱ्याचे व चालविणाऱ्याचे कामही त्याच दिवशी जाते. ही माणसे पुढे काय करू लागली, हे विचारणारा रकाना कोणत्याही तक्त्यात नव्हता. तो नसल्याने काय घडले, हे पाहावयाचे असेल तर मोटेइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

मोट म्हटली की आजच्या तरुण शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे एखाद्या खानावळीच्या दारात टांगलेले जुने लाकडी चाक येते. साताऱ्याजवळ लिंब येथे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेली बारा मोटांची विहीर आहे. तेथे सुट्टीच्या दिवशी पुष्कळ लोक जातात, दगडी बांधकामाचे कौतुक करतात, छायाचित्रे घेतात आणि परततात. एका वेळी बारा मोटा चालावयाच्या म्हणजे किती बैल, किती दोर, किती कातडे आणि किती हात लागत असतील, हा विचार पायऱ्या चढताना फारसा कोणाच्या मनात येत नसावा.

मोटेची रचना दिसावयास सोपी, पण मोठी विचारपूर्वक केलेली होती. कातड्याची मोठी पिशवी, तिच्या वरच्या तोंडाला लोखंडी कडे आणि खालच्या अंगाला हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती कातडी नळी. तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा. तो मोटवणीवरील उंच चाकावरून जाई. सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर, कोठे त्याला सोल म्हणत. तो खाली, थारोळ्याच्या काठाशी बसविलेल्या आडव्या लाटेवरून जाई. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला जोडलेले असत. बैल धावेच्या उतारावरून खाली जाऊ लागले की भरलेली मोट वर येई. येताना सोंड दुमडून तोंडाच्या बरोबरीने उचललेली राही, म्हणून पाणी सांडत नसे. काठाशी येताच सोंद्राच्या ओढीने सोंड थारोळ्यात उतरे आणि मोट आपोआप रिकामी होई. ती उपडी करण्यास माणूस लागत नसे. दोन दोरांच्या लांबीत जो नेमका फरक राखावा लागे, त्यातच सारे मर्म होते. तो चुकला तर पाणी अर्ध्या वाटेत पुन्हा विहिरीत.

एका खेपेस साधारणपणे शंभर ते दीडशे लिटर पाणी वर येत असे. पहाटे अंधारात सुरू झालेली मोट उन्हे चढेपर्यंत चाले, बैलांना विसावा देऊन तिसऱ्या प्रहरी पुन्हा जुंपली जाई. इतके करूनही दिवसभरात एकराचा काही भागच भिजे. तरीदेखील या साधनाचे महत्त्व एवढे होते, की महसुली दप्तरात विहिरीवर भिजणाऱ्या जमिनीला मोटस्थळ असेच नाव पडले होते.

आता ही मोट कोणाकोणाच्या हातून तयार होई ते पाहावे. मेलेले जनावर ओढून नेण्याचे व सोलण्याचे काम गावगाड्याच्या रूढीने महारांवर लादलेले होते. कातडे कमावण्याचे काम ढोर समाजातील कारागीर करीत. चुन्याच्या निवळीत ते भिजत घालणे, केस व मांस काढणे, बाभळीची साल, तरवड, हिरडा यांच्या काढ्यात मुरविणे, कातड्याचीच पिशवी शिवून तीत काढा भरून ती टांगून ठेवणे, असे हे कित्येक दिवसांचे काम असे. पाणी धरील पण कुजणार नाही आणि वाळले तरी तडकणार नाही, असे कातडे साधणे हे अनुभवाचे काम होते. मग चर्मकार ते बेतून मोट व सोंड शिवी. ही शिवण पुढे वेळोवेळी उसवे, तिला ठिगळ लागे, कातड्याला तेल द्यावे लागे. नाडा व सोंदूर मातंग वळीत. अंबाडी, ताग किंवा घायपात कुजवून, झोडपून, वाख काढून ते पीळ भरीत. नाडा जर मध्येच तुटला तर मोट विहिरीत आणि बैल तोंडघशी. म्हणून दोर वळणाऱ्याच्या हातावर बैलांची आणि हाकणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असे. चाक, लाट व मोटवणीचे लाकूडकाम सुताराचे, कडे व खिळे लोहाराचे. धावेवर बैल हाकणारा मोटकरी आणि वाफ्यात दारे धरणारा मनुष्य वेगळाच. एका विहिरीच्या पाण्यावर अशी सात-आठ घरे थोडीफार टेकलेली होती.

या व्यवस्थेविषयी हळहळ व्यक्त करणारे लेखन अलीकडे बरेच होते. ते लिहिणाऱ्यांनी पहाटेच्या थंडीत धावेवर उभे राहून बैलांना मागच्या पावली वर आणण्याचे काम केलेले नसावे. मोटेवरची गाणी गोड होती खरी, परंतु कंटाळा व झोप घालविण्यासाठी ती म्हणावी लागत, हेही तितकेच खरे आहे. शिवाय या कामांचा मोबदला कसा मिळे? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार वर्णन आहे, ते मुळातून वाचण्यासारखे आहे. काम वर्षभर, मजुरी सुगीला खळ्यावर, आणि मापाचे शेवटचे बोलणे देणाऱ्याचे. सुताराला व लोहाराला खळ्यावर जी वागणूक मिळे ती चर्मकाराला मिळत नसे, आणि मातंगाला व महाराला तर दूर उभे राहून पदर पसरावा लागे. कसब एकाच विहिरीवरचे, पण त्याची प्रतिष्ठा जातीप्रमाणे ठरलेली.

म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा आग्रह धरला आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. वतन हे उत्पन्न नसून बेडी आहे, असे त्यांना दाखवून द्यावयाचे होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्यात आली. तेव्हा मोट गेली आणि तिच्याबरोबर खळ्यावरची लाचारी गेली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. बेडी तुटली, पण बेडीबरोबर हातचे कामही गेले. त्या हातांना दुसरे काम मिळाले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची होती?

मोट एका दिवसात गेली नाही. प्रथम कातड्याच्या जागी पत्र्याची मोट आली. ती शिवावी लागत नसे, कुजत नसे, तेल मागत नसे. विहीर तीच, बैल तेच, धाव तीच, पण ढोर व चर्मकार यांचे काम तेव्हाच संपले. यंत्रयुग गावात यायच्या आधीच त्यांच्यापुरते ते येऊन गेले. पुढे तेलावर चालणारी इंजिने आली. १९१० साली स्थापन झालेल्या किर्लोस्करवाडीने लोखंडी नांगर घरोघर पोहोचविला होताच. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली आणि इंजिनाचा धडधडाट पुढच्या वीस वर्षांत विहिरीविहिरींवर ऐकू येऊ लागला. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आले, १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी केंद्राने स्वतंत्र महामंडळ स्थापिले, आणि विजेचे खांब शिवारात शिरले. १९७२ च्या दुष्काळात चाऱ्यापाण्यावाचून जनावरे गेली, विहिरी कोरड्या पडल्या. पाणी खोल गेल्यावर बैलांनी ओढण्यासारखे काही उरले नाही. ज्या ठिकाणी मोट टिकून होती तेथेही ती यानंतर फार दिवस चालली नाही.

ही सर्व वर्षे विस्ताराची होती. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली, आणि ग्रामसेवक हा गावातील ओळखीचा मनुष्य झाला. त्याने शेतकऱ्याला पंपाचे फायदे समजावून दिले, कर्जाचे अर्ज भरून दिले, तगाईसाठी खेटे घातले. ही कामगिरी लहान नव्हती. परंतु तो ज्या वाटेने विहिरीवर जात होता, त्याच वाटेवर नाडा वळणाऱ्याचे घर होते. तेथे थांबून “पुढच्या वर्षी हा नाडा कोणी घेणार नाही, तुमचा विचार काय?” असे विचारण्याचे काम त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

मोटेच्या माणसांचे पुढे काय झाले, हे जुन्या गावकऱ्यांना विचारले तर एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात येते. सगळे सारखे बुडाले नाहीत. लोहार तरला. त्याचे हत्यार लोखंड, आणि नवे युगही लोखंडाचेच. भात्याच्या जागी वेल्डिंगचे यंत्र आले, विळ्याकोयत्याच्या जागी ट्रॉली, फाटके व खिडक्यांचे गज आले. प्रत्येक लोहाराला हे जमले असे नव्हे, पण वाट तरी समोर होती. सुतारही काही अंशी तरला. नांगर, वखर व मोटेचे चाक गेले, तरी घरांच्या चौकटी आल्या आणि जवळच्या शहरात लाकूडकामाला मागणी आली. चर्मकारांपैकी काहींनी वहाणांचा व्यवसाय धरला, परंतु कारखान्याच्या रबरी व प्लास्टिकच्या चपलांनी तोही आखूड केला आणि पुष्कळांच्या वाट्याला एस. टी. स्थानकाबाहेरील दुरुस्तीची पेटी तेवढी राहिली. ढोर कारागिरांचे कमावण्याचे काम मोठ्या कारखान्यांकडे गेले. आणि मातंगांनी वळलेल्या दोराची जागा नायलॉनच्या दोराने अशी घेतली, की बैलाची वेसणसुद्धा त्यांच्याकडे उरली नाही. केरसुणीचा तेवढा आधार राहिला. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, त्यांना दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारी किंवा ऊसतोडीचा कोयता एवढेच दोन मार्ग उरले.

यावरून निघणारा निष्कर्ष कडू असला तरी मांडला पाहिजे. नव्या यंत्राला ज्याचे साहित्य जवळचे, त्याला पुढची पायरी सापडली. ज्याचे साहित्य कातडे व वाख, त्याच्यापुढे पायरीच नव्हती. कातड्यातून विजेकडे जाणारी वाट आपोआप तयार होत नाही, ती कोणीतरी बांधावी लागते. शाळा, थोडे भांडवल, शिकविणारा मनुष्य आणि दुकानापुरती जागा, एवढ्या चार गोष्टी त्यासाठी हव्या होत्या. पंप गावात आला तेव्हा या चारही गोष्टी गावात सर्वांत कमी कोणाजवळ होत्या, हे सांगावयास नको. “बाजार ज्याचे त्याचे पाहून घेतो,” असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे व्हावे. बाजाराने लोहाराचे पाहिले, मातंगाचे पाहिले नाही.

येथे घाण्याची आठवण होते. तेल्याचा लाकडी घाणाही गिरणीपुढे टिकला नाही. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेथे घाण्यात सुधारणा करण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, तरी गिरणीच्या तेलाशी भावात त्याला झुंजता आले नाही. आता शहरांतील ग्राहक लाकडी घाण्याचे तेल म्हणून चढा दर देऊ लागला आहे, घाणे पुन्हा फिरू लागले आहेत, पण बैलाच्या जागी मोटार आहे आणि अनेक ठिकाणी मालकही नवा आहे. ज्या घरांतून हे कसब पिढ्यानुपिढ्या चालत आले होते, ती घरे हा दर येईपर्यंत थांबू शकली नाहीत. धंदा परत येतो, माणूस येतोच असे नाही.

जुना धंदा मोडला तसा विहिरीवरच एक नवाही उभा राहिला, आणि त्याचीही नोंद कोणी घेतलेली नाही. तो म्हणजे मोटार भरण्याचा धंदा. महाराष्ट्रात आज ४० लाखांहून अधिक शेतीपंपांना वीज जोडलेली आहे. रब्बीत एका रोहित्रावर सगळे पंप एकदम सुरू होतात, दाब उतरतो, मोटार गुरगुरते, तापते आणि जळते. गहू फुलोऱ्यावर असताना किंवा कांदा पोसत असताना मोटार जळाली तर शेतकऱ्याला रात्री झोप लागत नाही. तो ती खोलून दुचाकीवर बांधतो आणि बाजाराच्या गावी वाइंडिंगच्या दुकानात नेतो. तेथला कारागीर जळालेली तार कापून काढतो, खाचा साफ करतो, जुन्या तारेची जाडी व वेढे मोजतो, खाचांत कागद बसवितो, तितक्याच वेढ्यांची नवी तांब्याची गुंडाळी घालतो, वार्निश देऊन सुकवितो, बेअरिंग पाहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती परत देतो. एक वेढा कमी-अधिक झाला तर मोटार पुन्हा तापणार, हे त्याला पक्के ठाऊक असते. पाण्यात बुडालेली मोटार असेल तर आणखी काही माणसे लागतात. बोअरवर तिकाटणे उभारून, कप्पीला साखळी लावून पाइप एकेक करून वर घेणारी टोळी ही आता कित्येक गावांत असते. मोटेभोवती जशी सात-आठ घरे होती, तशीच ही पंपाभोवतीची घरे होत. फरक इतकाच, की यांना बलुते नाही, रोख पैसे मिळतात, आणि हा धंदा जातीवर ठरत नाही. या दुकानांतून निरनिराळ्या समाजांचे तरुण बसलेले दिसतात. कोणी शिकाऊ म्हणून आला आणि दोन-तीन वर्षांत स्वतःचे दुकान थाटून बसला. गावाच्या अर्थव्यवस्थेतील ही एक चांगली घटना आहे.

आणि नेमके आता या धंद्याखालची जमीन सरकू लागली आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली, राज्यात २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू झाली. शेतकऱ्याने किंमतीचा १० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावा, बाकीचे शासन पाहील, अशी ती योजना आहे. दिवसा पाणी देता येणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. रात्रीच्या विजेसाठी अंधारात, सापाकिरडांतून बांध तुडविणाऱ्याला ती पटवून द्यावी लागत नाही. तेव्हा या योजनेला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. परंतु सौरपंपाबरोबर पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी पुरवठादार कंपनीकडे असते. पंप बिघडला की तक्रार कंपनीकडे जाते. पटल, नियंत्रक आणि त्याला जोडलेली मोटार ही सारी एकमेकांशी बेतलेली असतात. नियंत्रकाच्या पेटीत तांब्याची गुंडाळी नसते, तेथे छापील पट्टी व इलेक्ट्रॉनिक भाग असतात. वाइंडिंगवाल्याचे कसब पेटीच्या झाकणाशी येऊन थांबते.

हमीच्या काळात शेतकऱ्याला हे जाणवणार नाही. पाच वर्षे संपल्यावर जाणवेल. तोवर बाजाराच्या गावातील दुकाने कमी झालेली असतील, तेथील पोरे दुसऱ्या कामाला लागलेली असतील, आणि ऐन कांद्याच्या पोसणीत नियंत्रक बंद पडला तर दुचाकीवर बांधून नेण्यासाठी जवळपास कोणी नसेल. म्हणजे हा प्रश्न केवळ कारागिराच्या पोटाचा नाही. मोट उसवली तर ती शिवणारा हाकेच्या अंतरावर होता. नव्या यंत्राचा दुरुस्तकर्ता जितका दूर, तितका शेतकरी परावलंबी. कारागिराचे हित आणि शेतकऱ्याचे हित येथे एकच आहे.

मोटेच्या वेळी पुढे काय येणार हे कदाचित कोणाला दिसत नव्हते. या वेळी दिसत आहे, कारण पंप मंजुरीने येतात आणि मंजुरीची यादी गावात आधीच असते. कोणत्या शिवारात किती सौरपंप बसणार, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याला महिनोन्महिने आधी कळते. त्याच शिवाराच्या मोटारी कोण भरतो, बोअरमधून पाइप कोणती टोळी काढते, हेही त्याला विचारले तर सांगता येईल. या दोन गोष्टी एकाच कागदावर यावयास पाहिजेत. सौर तंत्रज्ञ तयार करण्यासाठी केंद्र शासनाचा ‘सूर्यमित्र’ हा प्रशिक्षणक्रम आहे, तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथे जाणारा मुलगा बहुधा शाळेतून नुकताच बाहेर पडलेला असतो. दहा वर्षे मोटारी भरलेला, फेज, दाब व भार यांची नाडी जाणणारा मनुष्य तेथे जात नाही, कारण त्याला कोणी बोलाविलेले नसते आणि दुकान बंद ठेवून जाणे त्याला परवडत नाही. शिकविण्यास सर्वांत सोपा तोच, आणि वगळला जातो तोही तोच.

२०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेचाही येथे विचार करणे योग्य होईल. त्या योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज मिळते. पहिली पडताळणी ग्रामपंचायतीतच होते. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, टोपल्या-केरसुण्या करणारे असे पुष्कळ जण तीत येतात, आणि ज्या गावांतून अशांचे अर्ज गेले नसतील तेथे कार्यकर्त्यांनी स्वतः घरोघर जावे हे बरे. तथापि त्या १८ व्यवसायांत मोटार भरणारा नाही. ज्या दोर वळणाऱ्याच्या मुलाने तार गुंडाळण्याचे नवे कसब मिळविले, तो या यादीला दिसत नाही. बापाचा धंदा धरून राहिला असता तर कदाचित दिसला असता. जुन्या धंद्यांचा मान ठेवणे चांगले, पण यादी करणाऱ्यांनी कधी तरी बाजारपेठेच्या गावातून एक फेरफटका मारून नव्या बलुतेदारांचीही गणती करावी. या कारागिरांना अवजारांचा संच मिळाला, नियंत्रक तपासण्याची मापके मिळाली, आणि पुरवठादार कंपन्यांना स्थानिक कारागिरामार्फतच दुरुस्ती करावयाची अट पडली, तर हमीचीही कामे गावातच होतील.

मोटकऱ्याकडे आणखी एक काम नकळत होते, तेही गेले. तो विहिरीतील पाणी मोजीत असे. पट्टी लावून नव्हे. मोट तळाला टेकली, गाळ येऊ लागला, की तो बैल सोडी आणि विहिरीला पाझरावयास वेळ देई. त्याने ठरविले असते तरी विहिरीला जास्त उपसता आले नसते. पंपाने ही मर्यादा काढून टाकली, बोअरने तिचा मागमूस ठेवला नाही, आणि सौरपंपाला तर विजेच्या बिलाचाही धाक नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण सर्वांना पाठ आहे, पण आडात किती आहे हे पाहणारे माणूसच गावात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर घेण्यास बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पिके ठरविली, तेव्हा त्या गावाने मोटेची मर्यादाच नव्या रीतीने घालून घेतली असे म्हणता येईल. गावोगावच्या विहिरींची पातळी महिन्याच्या महिन्याला मोजून फलकावर लिहिणे, हे भूमिहीन घरातील एखाद्या शिकलेल्या मुलामुलीला मानधनावर देता येण्यासारखे काम आहे. सौरपंप जेथे जास्त बसतील तेथे तर ते प्रथम व्हावे.

फवारणीचे ड्रोन आता आले आहेत. ते महिला बचत गटांच्या हाती देण्याचे केंद्राने २०२३ साली ठरविले, ही योग्य दिशा होय, कारण तेथे यंत्राबरोबर धंदाही दिला गेला. पाठीवर पंप घेऊन रोजंदारीवर फवारणी करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र तेथेही आहेच. ऊसतोडणीची यंत्रे फडात उतरली आहेत. मोट गेली तेव्हा ज्यांच्या हाती शेवटी कोयता आला, त्यांच्या नातवंडांच्या हातातील तो कोयताही आता निघू पाहत आहे. यंत्र थांबवावे असे कोणी म्हणणार नाही. कोयता हे काही टिकवून ठेवण्यासारखे सुख नव्हे. पण यंत्रासाठी अनुदानाचा प्रस्ताव मंजूर करताना त्या फडावर किती कोयते चालत होते आणि ते कोणत्या गावांचे, एवढे लिहून घेण्यास अडचण कोणती आहे?

गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या दैनंदिनीत यासाठी एक पान राखावे. डाव्या बाजूस येऊ घातलेले यंत्र, उजव्या बाजूस ज्यांचे काम त्यामुळे कमी होणार त्यांची नावे, वय, शिक्षण, जमीन आहे की नाही आणि त्यांना स्वतःला पुढे काय करावेसे वाटते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण तो कार्यालयात बसून भरता येत नाही. शेतकऱ्यांनीही यात हातभार लावावा. आपली मोटार कोणी भरली होती, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच ते नाव सांगावे आणि सौरपंप बसविणारी माणसे शिवारात येतील त्या दिवशी त्या कारागिरास तेथे बोलावून घ्यावे. जोडणी कशी होते हे त्याने उभे राहून पाहिले, तरी अर्धे शिक्षण होते. या नोंदीला खर्च काही नाही. रब्बीच्या पेरण्या आटोपल्यावर, मोटारी जळण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, दोन संध्याकाळींत ती पुरी होण्यासारखी आहे.